तिरपा मजला, पुन्हा ऐकताना

९ जानेवारी

दादा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. म्हणून नुसतं दादा. फोन करणार होते, पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला कुणीतरी ठेवून देतो. पत्रात निदान तुला माझं शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

कामाचं सांगते. मास्तरांच्या बँडची (ड्रायव्हिंग स्कूल काढल्यापासून मीही नवऱ्याला मास्तरच म्हणते) पहिली आणि एकुलती एक रेकॉर्ड चौतीस वर्षांनी पुन्हा निघते आहे. होय, 'तिरपा मजला'च. दोन तरुण मुली मिळून एक छोटी कंपनी चालवतात, जुनं विसरलेलं संगीत शोधून काढतात. मला वाटलं होतं, विसरलेलं ते विसरलेलं. पण म्हणे प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारे लोक अजून आहेत आणि ते ही रेकॉर्ड शोधत फिरतात.

तर रेकॉर्डसोबत एक पुस्तिका असेल आणि तिच्यात दोन पानांचा लेख. त्या मुलींना तुझा वर्तमानपत्रातला जुना लेख सापडला. म्हणाल्या, ज्यानं तेव्हा एवढं सालटं काढलं, तो आज काय म्हणतो हे वाचायला मजा येईल. मी म्हटलं, माझा भाऊच आहे, मी विचारते.

सोबत सीडी पाठवते आहे. एकदा ऐक आणि जे वाटेल ते लिही. भीड ठेवू नकोस.

लॅबमध्ये बसून लिहिते आहे. समोर कुणाची तरी खालची कवळी तोंड वासून बसली आहे, तिचे दात घासून बसवायचेत. संध्याकाळी दवाखान्याचा माणूस न्यायला येईल.

मुंगी


१७ जानेवारी

मुंगी,

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला मुंगी म्हणावं का, यावर पाच मिनिटं विचार केला. तूच सही तशी केलीस, आता भोग.

पत्र बघून आधी घाबरलो. लग्न किंवा मयत असल्याशिवाय तुझं अक्षर माझ्याकडे येत नाही. वाचून जीव भांड्यात पडला, आणि मग वैताग आला. नाही जमायचं मला. वर्तमानपत्र सुटून आठ वर्षं झाली. आता मी फक्त औषधांच्या चिठ्ठ्या वाचतो.

तरी ऐकायला बसलो. पहिल्या दिवशी चार मिनिटं. मग उठलो, नळ गळत नव्हता तरी बघून आलो. दुसऱ्या दिवशी सहा मिनिटं. मग खालच्या मजल्यावरच्या बाईंना त्यांचं वर्तमानपत्र नेऊन दिलं. त्या म्हणाल्या, हे कालचं आहे. तिसऱ्या दिवशी त्या बावीस मिनिटांच्या गाण्याच्या नवव्या मिनिटापर्यंत पोचलो, तेवढ्यात तबल्यासारखी बोटं टेबलावर आपटतोय हे लक्षात आलं, रागानं. हे लोक गाणं सुरू करत नाहीत, गाण्याची तयारी सुरू करतात. दार उघडतात, आत येत नाहीत. माझ्यासारख्या बूड न टेकणाऱ्या माणसाला ही शिक्षा आहे.

आणखी एक, आणि हे खरं कारण. त्या लेखातलं जे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं, 'जेवायला बोलावून तीन तास नुसती ताटंच मांडत बसणारे यजमान', ते माझं नव्हतं. तुझं होतं. रेकॉर्ड निघाली त्या कार्यक्रमाच्या आधी तू माझ्या खोलीवर आली होतीस, तालमींना कंटाळून हसत हसत बोलून गेलीस, आणि मी ते उचलून छापलं. म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. मास्तरला वाटलं, त्याच्या अपमानासाठी टाकलंस. मी आजवर कुणापाशी तोंड उघडलेलं नाही. पण त्या रेकॉर्डवर पुन्हा लिहायचं, तर ते वाक्य मांजरासारखं आडवं जातं.

दुसरा कुणी बघ.

दादा


२६ जानेवारी

दादा,

ते वाक्य जिथं आहे तिथंच राहू दे. तू गप्प राहिलास याचे उपकार मी मानते, बोलले नाही इतकंच.

आणि दुसरा कुणी चालणार नाही. तूच हवास.

इथं काय चाललंय ते ऐक. मास्तरनं पुन्हा बँड जमवला आहे. गाणारा परदेशातून येतो म्हणतोय. ड्रमर आजोबा झालाय, मनगटाला पट्टा बांधून वाजवतो. एप्रिलमध्ये इथल्या सभागृहात कार्यक्रम आणि मग आठ महिन्यांत बारा शहरं. वय वर्षं एकसष्ट! ड्रायव्हिंग स्कूल भागीदाराच्या गळ्यात घालून निघायचं ठरवलंय. शिकणाऱ्यांना शेजारी बसवून हा मांडीवर ठेका धरतो. परवा एका मुलीनं त्याच्या हाताकडे बघत बघत गाडी फुटपाथवर चढवली. घरात ऑर्गन आलाय, त्यासाठी जेवणाचं टेबल गॅलरीत गेलं. मी जेवते भिंतीकडे तोंड करून.

तू तेव्हासारखंच लिही. तुझी जुनी धार काढ. मऊ झालास तर मला काही उपयोग नाही.

मुंगी


२० फेब्रुवारी

मुंगी,

उशीर झाला, पण कारण ऐकशील तर हसशील.

बसून ऐकणं जमेना, म्हणून सीडी फोनमध्ये भरून घेतली आणि कानात लावून चालायला लागलो. आमच्या इमारतीमागे मैदान आहे, त्याला रोज सकाळी फेऱ्या. त्या लांबलचक गाण्याचा ठेका सात मात्रांचा आहे हे मला तेव्हाही तुझ्याकडून ऐकून माहीत होतं, लेखात त्याला मी लंगडा म्हटलं होतं. पण चालताना काय होतं बघ. सात मात्रा संपून सम आली की ती एकदा डाव्या पायावर पडते, पुढच्या खेपेला उजव्या. पाय दोन, मात्रा सात. एक पाय कधी मालक होतच नाही. मी आयुष्यभर अस्वस्थ माणूस. कुठंही बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कशाला उठलो असं होतं. मुंगी, हे गाणं तसंच आहे. त्याला बसता येत नाही. मी त्याला खुर्चीत बसून ऐकत होतो, हीच चूक.

आणि चौदावं मिनिट! आधी ऑर्गनवर तुकडे तुकडे येत राहतात, दोन सूर इथं, तीन तिथं, मला वाटायचं उगाच खेळतोय. चौदाव्या मिनिटाला ते सगळे तुकडे एका ओळीत येतात आणि ती एक साधी चाल निघते. इतकी साधी, की कुणीही गुणगुणेल. मैदानात मी उभाच राहिलो. मागून धावत येणारा माणूस माझ्यावर आदळला, वर मलाच शिव्या देऊन गेला.

शब्द मात्र अजूनही भिकार आहेत. 'आरशातल्या समुद्राचे जिने' म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसणार. तेही लेखात घातलंय.

होय, लेख लिहिला. काल कंपनीला पाठवलाही. चार पानं झाली, त्या मुली म्हणाल्या चालतील. एक गोष्ट कबूल केली आहे, जी आजवर तुलाही सांगितली नव्हती. त्या कार्यक्रमातून मी मध्यंतरात उठून गेलो होतो. पानं छपाईला जायची वेळ झाली होती आणि बसवतही नव्हतं. ते मोठं गाणं मध्यंतरानंतर होतं. मी ते ऐकलंच नाही. लेखाची शेवटची सहा ओळींची जागा रिकामी होती, ती मी तुझ्या ताटांनी भरली.

एप्रिलच्या कार्यक्रमाला येतो. तुझा हट्ट नसता तर हे हातून निसटलं असतं.

दादा


२४ फेब्रुवारी

दादा,

तुला आत्ताच पालवी फुटायची होती?

तू वाईट लिहिशील याच भरवशावर तुला सांगितलं होतं. सरळ लिहिते, आता लपवून काय उपयोग. तुझा लेख आला होता त्या सकाळी मास्तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. मी कामाला गेले, परत आले, तो तिथंच. त्यानंतर अकरा महिने ऑर्गनवर चादर. मग ऑर्गन विकला आणि दुसऱ्या दिवशी गाडी शिकवायचा परवाना काढायला गेला. त्या अकरा महिन्यांत मी त्याला बघितलंय, तू नाही. ह्या वेळी बारा शहरांत बारा जण लिहिणार. आता तर प्रत्येकाच्या हातात फोन, हॉलमधून बाहेर पडायच्या आत लिहितात. मला वाटलं, घरातल्या माणसानं दोन पानांत फटकावलं तर तो रागावेल, चार दिवस बोलणार नाही, पण घरी राहील.

आणि मला ते कधीच आवडलं नाही, दादा. तेव्हाही नाही, आताही नाही. तुझं चौदावं मिनिट मी शंभर वेळा ऐकलंय. मला तिथं काही होत नाही. चौतीस वर्षं मी 'छान' म्हणते. 'छान' म्हणताना तोंड कसं ठेवायचं ते मला पाठ आहे, शेवटी दातांचंच काम करते मी.

लेख परत माग.

मुंगी


१ मार्च

मुंगी,

तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं.

लेख परत मागणार नाही. खोटं लिहून एकदा त्याचं नुकसान केलं, आता तुझ्या सांगण्यावरून पुन्हा तेच करू?

पण एक गोष्ट तुला कळायलाच हवी आणि मागच्या पत्रात मी ती शेपूट घालून टाळली. मी लेखात लिहिलंय की ते ताटांचं वाक्य माझं नव्हतं, दुसऱ्याच्या तोंडून चोरलं होतं. नाव दिलेलं नाही. पण मास्तर विचारेलच. त्याला खोटं उत्तर द्यायची ताकद माझ्यात नाही.

पुस्तिका वीस तारखेला छापायला जाते. तू नको म्हणालीस तर ती एक ओळ काढतो. तेवढा तुझा हक्क आहे. पण मला विचारशील तर, तूच सांग त्याला. माझ्याकडून कळलं तर ती चहाडी होईल.

तू रागावली आहेस हे समजून आहे. गेले चार दिवस मी जिना चढतो आणि कशासाठी वर आलो ते विसरून परत उतरतो.

दादा


१५ मार्च

दादा,

सांगितलं.

घरी धीर होईना. घरात तो ऑर्गन मध्ये असतो. म्हणून मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत लॅबमधून निघाले आणि त्याच्या स्कूलवर गेले. दोन शिकवण्यांच्या मधे तो गाडीत बसून डबा खात होता. शेजारची चालकाची सीट रिकामी होती, तिथं बसले. तो म्हणाला, "शेवटी शिकायला आलीस वाटतं!" इतका खुश झाला की मला रडूच यायला लागलं.

मी एका दमात बोलून टाकलं. ताटांचं वाक्य माझं. दादाशी भांडले ती त्यानं ते छापलं म्हणून. आणि मला तुमचं संगीत आवडत नाही.

तो डब्याचं झाकण लावत राहिला. लागत नव्हतं, उलटं धरलं होतं.

मग म्हणाला, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे लग्नाच्या आधीपासून?"

"हो."

"मग लग्न का केलंस?"

"तुझ्याशी केलं. बँडशी नाही."

यावर दुसरा कुणी हसला असता. तो म्हणाला, "वाक्याचं काही नाही. ते वाक्य मी कधीच गिळलं. पण माझ्यासाठी हिनं सख्ख्या भावाला तोडलं, हे मी किती जणांना सांगितलंय माहीत आहे तुला? आईला सांगितलं होतं मी. ती जाताना तुझा हात धरून बसली होती, ते त्यासाठी."

तेवढ्यात त्याचा पुढचा विद्यार्थी खिडकीशी येऊन उभा राहिला. मी उतरले. तो शिकवायला निघून गेला. मी फुटपाथवर उभी राहून बघितलं, गाडी कोपऱ्यावर तीनदा बंद पडली.

त्याला आज पाच दिवस झाले. बोलतो, पण कामापुरतं. 'दूध आणलंय.' 'किल्ली घेतली का.' तालमीला जातो, तिथंच जेवतो. रात्री पाठ करून झोपतो, आणि मला कळतं की तो जागा आहे. मला एका जागी राहवत नाही. काल लॅबमध्ये एकाच माणसाच्या कवळीत दोन डावे सुळे लावले, सकाळी सगळं उकरून पुन्हा केलं.

तुझी ओळ राहू दे. आता काढून काय.

मुंगी


२ एप्रिल

दादा,

तुम्हाला मी याआधी कधी पत्र लिहिलेलं नाही. तुमच्या बहिणीकडून पत्ता मागितला नाही, कपाटातल्या जुन्या पाकिटावरून घेतला.

त्या मुलींनी लेख वाचायला दिला. तुम्ही मध्यंतरात गेलात हे मला तेव्हाच माहीत होतं. ऑर्गनवरून चौथी रांग दिसायची. तुमची खुर्ची रिकामी दिसली आणि मी दुसऱ्या भागात दोन ठिकाणी चुकलो. म्हणून लेख आला तेव्हा मला वाटलं, तुम्ही ऐकलं नाही हे खरं, पण ऐकलं असतं तरी चुकाच ऐकल्या असत्या. हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

ताटांच्या वाक्याचं तिनं सांगितलं. मला राग आला, अजून आहे. तो तुमच्यावर नाही. तुम्ही तिची जीभ उसनी घेतलीत, एवढंच. वाक्य चांगलं होतं. हे लिहायला मला बराच वेळ लागला.

चौदाव्या मिनिटाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला ते तसंच करायचं होतं. कुणीतरी ते ओळखावं म्हणून मी चौतीस वर्षं थांबलो होतो असं नाही, मी सोडून दिलं होतं. ते जास्त वाईट.

सोबत तिकीट आहे. पहिली रांग, मधली खुर्ची. दोन्ही बाजूंना बारा बारा माणसं. ह्या वेळी उठून जाता येणार नाही. तिची खुर्ची तुमच्या शेजारी आहे. ती येईल की नाही मी विचारलेलं नाही, तुम्ही विचारा.

मास्तर


२१ एप्रिल

दादा,

सकाळच्या गाडीनं तू गेलास, ते बरं केलंस आणि वाईटही. तू असतास तर पुढचं झालं नसतं. पण तू नाहीस म्हणून लिहावं लागतंय.

काल तुझ्या शेजारी बसले होते तेव्हा तू काय करत होतास मला दिसत होतं. तुझे दोन्ही पाय चालत होते, बसल्या जागी. मी ठरवून गेले होते की आज मला आवडणार. सगळा हॉल चौदाव्या मिनिटाला श्वास धरून बसला, तू माझा हात इतका आवळलास की अंगठी रुतली. आणि मला काही झालं नाही, दादा. मी त्याच्याकडे बघत होते. त्याची मान पुढे झुकली होती, जीभ दातांत होती. एवढा गुंतलेला माणूस मी बघितला नव्हता, हे खरं. पण ते बघणं झालं, ऐकणं नव्हे. लोक उभे राहिले तेव्हा मीही राहिले. टाळ्या वाजवल्या. 'छान'चं तोंड केलं, आणि त्यानं वरून ते बघितलं. ओळखलंही.

आज तुला स्टेशनवर सोडून आले तर तो स्वयंपाकघरात. टेबल गॅलरीतून आत घेत होता, एकटाच, दारात अडकलं होतं. मी दुसरी बाजू धरली. टेबल जागेवर गेलं आणि ऑर्गनला जागा उरली ती चुलीच्या बाजूला. तिथं तो स्टूल घेऊन बसला. मी सूप ठेवलं होतं.

माझ्याकडे न बघता म्हणाला, "काल कुठं कंटाळलीस?"

मी म्हटलं, "नाही रे, छान..."

"मुंगे." दादा, लग्न झाल्यापासून त्यानं मला ह्या नावानं कधी हाक मारली नव्हती. ते आपल्या घरचं नाव. "मुंगे, नीट सांग. कुठं?"

मी सूप ढवळलं. मग म्हटलं, "सहाव्या मिनिटापासून. सगळे थांबतात आणि तू एकटाच वाजवतोस, तिथं."

"तो भाग पावणेदोन मिनिटांचा आहे."

"मला सात वाटतो."

"सात!"

"सातच. तू तिथं कुणाला तरी दाखवत असतोस की तुला काय काय येतं."

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, झालं, आता चादर. पण तो वळला आणि तो भाग वाजवायला लागला. मी म्हटलं, "इथं." तो म्हणाला, "इथं?" "नाही, जरा आधी." तो मागे गेला. "इथं?" "हो. इथून पुढचं नसलं तर काय बिघडतं?" त्यानं पुढचं गाळून वाजवलं. मग गाळलेलं घालून. मग पुन्हा गाळून. मग म्हणाला, "बिघडतं." आणि मला पटवायला लागला, हात हवेत उडवत, की हे तुकडे इथं ऐकले नाहीत तर पुढं ते जमणार कसे. मी म्हटलं, मला तुकडे लक्षात राहत नाहीत, मी कवळ्या करणारी बाई. तो म्हणाला, बत्तीस दात एका ओळीत लावतेस आणि तुला हे कळत नाही? मी म्हटलं, माझ्या दातांनी शेवटी माणूस जेवतो. चांगलंच जुंपलं आमचं. शेजारच्या बाई खिडकीत आल्या.

बारा शहरांचं विचारलंस ना? आता पाचच उरली. ड्रमरच्या मनगटाला त्याहून जास्त झेपत नाही, डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. पाचांपैकी पहिल्या ठिकाणी मी जाणार आहे, तिथं दात भाजायच्या भट्ट्यांचं एक प्रदर्शन आहे, ते बघायचं निमित्त. बाकीच्यांचं ठरलं नाही. लोक लिहितील ते लिहितील. कालच्या कार्यक्रमावर कुणीतरी लिहिलंय, मी वाचलं नाही, त्यानं वाचलं आणि तो तरीही वाजवत बसला आहे.

राग गेलेला नाही त्याचा. मधेच आईच्या फोटोकडे बघतो.

शेवटी तो थकला. म्हणाला, "तू चुकते आहेस. तुला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यात अर्थ नाही. पुन्हा ऐक." आणि पहिल्या सुरापासून सुरू केलं. अख्खं.

मी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि बसले.

मुंगी